सोलापूरच्या माळावर वनपरिस्थितिकीचं काम: शिक्षण कशात घ्यावं, आणि १२ हेक्टर गायरानाचं काय करावं?

तरवड

नमस्कार मंडळी,

सोलापुरात बी.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे वनपरिस्थितिकी आणि उजाड झालेल्या रानांच्या, माळांच्या पुनर्स्थापनेत काम करायचंय. दोन प्रश्न आहेत, दोन्ही एकमेकांत अडकलेले.

पहिला: एम.एस्सी. कशात आणि कुठून करावी? आपल्यासारख्या कोरड्या जिल्ह्यात राहून हे काम होतं का, की त्यासाठी पश्चिम घाटच गाठावा लागतो?

दुसरा: उत्तर सोलापूर तालुक्यात आमच्या गावाला १२ हेक्टर गायरान आहे. एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून तिथे १०,००० झाडं लावायचा प्रस्ताव आलाय. आधी जेसीबीने सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले लांब चर), मग रोपं, मग तीन वर्षं टँकरचं पाणी. सरपंचांनी "तू बॉटनीची आहेस, जरा बघून सांग" म्हणून कागद माझ्याकडे दिलेत. जमीन मुरमाड, उतार अगदी थोडा. कुसळी गवत भरपूर, तरवड आणि बोरीची झुडपं, एका कोपऱ्यात साधारण दोन हेक्टरवर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) जुनी लागवड, मधून ओढा. मेंढरं वर्षभर चरतात. प्रस्ताव पटत नाहीये, पण ग्रामसभेत नुसतं "पटत नाही" म्हणून चालत नाही. काय मोजू, कधी मोजू? आणि झाडं नकोत, तर मग काय?

माळावरचा

आधी गुणाकार-भागाकार. १२ हेक्टरवर १०,००० म्हणजे हेक्टरी ८३३, दर साडेतीन मीटरला एक झाड. सरासरी साडेपाचशे ते सातशे मिलिमीटर पाऊस, तोही कधी निम्म्यावर येणारा, आणि खाली मुरूम. अशा जमिनीवर एवढी दाटी आपोआप कधीच उभी राहत नाही. टँकर बंद झाल्यावर जी जगतील ती बहुतेक गिरिपुष्प, सुबाभूळ असलीच असतील. त्यांच्या सावलीत गवत मरेल आणि मेंढरांचं कुरण जाईल. म्हणजे झाडंही धड नाहीत आणि चाराही नाही.

सोलापूरचा माळ हा जंगल तोडून उरलेला उजाड तुकडा नाही. तो मुळातच गवताळ प्रदेश आहे. १९७३ मध्ये दबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशातल्या गवताच्या आच्छादनाचे पाच प्रकार मांडले, त्यातल्या सेहिमा-डायकॅन्थियम प्रकारात आपण येतो. सेहिमा म्हणजे पवन्या, डायकॅन्थियम म्हणजे मारवेल. माळढोकसाठी नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये झालं ते याच गवतामुळे. (माळढोक आता तिथे दिसला तर नशीब म्हणायचं, पण काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल, पखुर्ड्या अजून याच माळांवर आहेत.)

तुझ्या गायरानावर काय मोजायचं ते सांगतो.

जमिनीची खोली. ५० मीटरच्या जाळीने आखलंस तर १२ हेक्टरवर ४८ ठिकाणं येतात. प्रत्येक ठिकाणी पहार मारून कठीण मुरूम किंवा कातळ किती सेंटिमीटरवर लागतो ते लिही. दोघांचं एक-दीड दिवसाचं काम. मोबाइलवर जीपीएसची नोंद घे आणि घरी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा नकाशा कर. माझा ठोकताळा असा: २५ सेंमीच्या आत कठीण थर लागला तर तिथे फक्त गवत. २५ ते ५० मध्ये विरळ बोर, तरवड, हिंगण. ५० च्या पुढे माती असेल, म्हणजे बहुधा ओढ्याच्या काठाला, तिथे हिवर, बाभूळ, कडुनिंब यांचा विचार. एवढा एक नकाशा ग्रामसभेत लावलास तर १०,००० चा आकडा किती टिकतो ते लोक स्वतःच बघतील.

गवत. एक मीटर बाय एक मीटरची चौकट, किमान ३०. गायरानाचे ढोबळ भाग पाड (चांगलं गवत, उघडी जमीन, गिरिपुष्प, ओढाकाठ) आणि प्रत्येक भागात चौकटी यादृच्छिक टाक. आवडलेल्या जागी टाकायच्या नाहीत, तिथेच बहुतेकांचं मोजमाप बिघडतं. प्रत्येक चौकटीत जाती, प्रत्येकीचं टक्के आच्छादन, उघडी जमीन, दगड, शेण-लेंड्या एवढं नोंदवायचं. झुडपांसाठी ५० मीटरची टेप ताण आणि टेपवर झुडपाची फांदी किती लांबी व्यापते ते मोज.

कधी: सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. त्याआधी तुरे नसतात, नंतर कणसकं (तुऱ्यातले दाण्याचे बारीक घटक) गळू लागतात, आणि गवताची ओळख तर कणसकावरच असते. दहापट मोठं दाखवणारं भिंग गळ्यात हवं. पानांवरून गवत ओळखणारे खूप भेटतील, त्यांच्यावर विसंबू नकोस.

बहुवार्षिक आणि एकवर्षायू गवत वेगळं मोज. ठोंब उपटून बघायचा. सहज हातात आला, मुळं तोकडी, जुन्या पानांचे बुडखे नाहीत, तर एकवर्षायू. पहारीशिवाय निघत नाही आणि बुडाशी गेल्या वर्षीच्या काड्या आहेत, तर बहुवार्षिक. अतिचराईने माळ उतरत जातो त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी पवन्या, मारवेल आणि डोंगरी गवत कमी होतं, कुसळी माजते, मग कुसळीही मागे पडून अॅरिस्टिडासारखी बारीक गवतं राहतात, आणि शेवटी उघडा मुरूम. तुझ्याकडे कुसळी भरपूर म्हणजे माळ मधल्या पायरीवर आहे. इथून तो परत चढू शकतो, ही चांगली बातमी.

चारा. दहा चौकटींतलं गवत जमिनीलगत कापून वाळव (६० ते ७० अंशांना ४८ तास, कॉलेजच्या ओव्हनमध्ये होईल) आणि वजन कर. चौकटीत १०० ग्रॅम म्हणजे हेक्टरी १ टन. हा हिशेब पुढे चराईसाठी लागेल.

एक इशारा: उपग्रहाच्या हिरवेपणाच्या नकाशावर भुलू नकोस. सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट मिळतात, १० मीटरपर्यंत बारकावा असतो, कामाचीच आहेत. पण गिरिपुष्पाखालचा मेलेला माळसुद्धा त्यात मस्त हिरवा दिसतो. उलट सुदृढ गवत जानेवारीत पिवळंच असतं. निधी देणाऱ्यांचे अहवाल बरेचदा त्याच हिरव्यावर चालतात, त्यामुळे ही गोष्ट त्यांना आधीच दाखवून ठेव.

नाला_बांध

वरचं बरंचसं पटतं, पण झाडांबरोबर प्रस्तावातल्या चरांनाही मोडीत काढू नका. उघड्या उतारावरचं पाणी अडवल्याशिवाय जमिनीत ओल येणार कुठून? पाणलोटाच्या कामात सलग समतल चरांनी विहिरींना पाणी वाढलेलं दिसतंच की. आणि गावाला सावली, सरपण, बोरं-चिंचाही लागतात. नुसतं गवत म्हटलं तर सभेत कोण ऐकेल?

माळावरचा

@नाला_बांध, चर वाईट नाहीत, जागा चुकते. हिशेब मांडतो. ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल चर दर १० मीटरला घेतला तर हेक्टरी १,००० मीटर लांबी होते. चराखाली ६०० चौरस मीटर जमीन जाते, आणि काढलेल्या मुरुमाचा भराव किमान तेवढीच आणखी झाकतो. म्हणजे हेक्टरातली १२ टक्के जमीन पहिल्याच दिवशी गवतासकट संपली, जेसीबीच्या चाकांखाली दबलेली वेगळीच. भरावावर सैल माती मिळते म्हणून पहिलं उगवतं ते गाजरगवत. ठोंबांनी जमीन धरून ठेवलेली असेल तिथे पाणी आधीच मुरतंय. खात्री करायची तर ३० सेंमी व्यासाच्या पाइपचा तुकडा दहा सेंमी ठोकून त्यात पाणी ओता आणि तासाला किती मुरतं ते गवतात आणि उघड्या जागी दोन्हीकडे मोजा. फरक तुमचा तुम्हालाच दिसेल.

घळी पडल्या असतील तिथे अनघड दगडी बांध घाला. दगड जागेवरचेच, पण गवताच्या ठोंबाशेजारचे उपटून नव्हे. पूर्ण उघड्या, खडक झालेल्या पट्ट्यांवर छोटे अर्धचंद्राकृती खड्डे घ्या, हाताने खणलेले. झाडं ओढ्याच्या दोन्ही काठांना आणि पाणवठ्याशी लावा, साताठशेच्या वर नकोत, पण जगतील अशी: हिवर, बाभूळ, कडुनिंब, चिंच, बोर. सावली-सरपणाचा प्रश्न तिथे सुटतो. सभेत "झाडं नकोत" असं म्हणायचंच नाही. "झाडं इथे, गवत तिथे" म्हणायचं आणि खोलीचा नकाशा पुढे करायचा.

जाळरेषा

ताई, गिरिपुष्पाचं सांगतो, कारण त्यातच लोक फसतात.

कुऱ्हाडीनं तोडून काही होत नाही. बुडातून दहा फुटवे येतात आणि पुढच्या वर्षी झाड होतं त्याच्या दुप्पट दाट. मुळाच्या गड्ड्यासकट उपटायला लागतं. मुरूम कोरडा असताना पहार चालत नाही, म्हणून जमीन पूर्ण भिजल्यावर, चांगल्या पावसानंतर दोन दिवसांनी काम काढा. मनगटाएवढी खोडं दोन माणसांत पहारीनं निघतात. मोठं खोड निघतच नसेल तर बुडाशी तोडा आणि फुटवे दर सहा ते आठ आठवड्यांनी ओरबाडत राहा, झाड थकेपर्यंत. एक फेरी चुकली तर आधीची मेहनत वाया.

आता मुख्य गोष्ट. गिरिपुष्प कलमानं लागतं. तोडलेल्या फांद्या ओल्या जमिनीवर टाकून ठेवल्या तर मुळं धरतात. कुंपणाला मेढी म्हणून रोवल्या तर सरळ नवी लागवडच होते. आणि लोक हे हमखास करतात, कारण फुकटची मेढ मिळते ना! फांद्या त्याच दिवशी गायरानाबाहेर न्यायच्या. पाला थोडा सुकवून शेळ्यांना चालतो, नाहीतर शेतात हिरवळीचं खत म्हणून द्या, शेतकरी हौसेनं नेतात.

दोन्ही हेक्टर एकदम साफ करू नका. वर्षाला एक तृतीयांश. शेंगवर्गीय झाड आहे, इतकी वर्षं पाला गळून तिथल्या मातीत नत्र वाढलेलं असतं. अशी जमीन एकदम उघडी पडली की पहिली दोन वर्षं गाजरगवत आणि तणांची चंगळ. जेवढं उपटाल तेवढ्यावर त्याच हंगामात गवताचे ठोंब लावायची ताकद असेल तेवढंच उपटा. गाजरगवत फुलायच्या आत उपटायचं, हातमोजे घालून, अंगाला खाज येते.

वेडी बाभूळ कुठं असंल तर ती जमिनीवर तोडू नका, जमिनीखाली वीतभर खणून गड्डा काढा. तिचे डोळे तिथंच असतात.

जाळरेषा (वणवा अडवायला आधीच जाळून ठेवलेला पट्टा) नोव्हेंबर-डिसेंबरातच. गायरानाच्या कडेनं आणि रस्त्याच्या बाजूनं पट्टा कापून, कापलेलं गवत मधोमध ओढून, वारा पडलेला असताना संध्याकाळी जाळायचं, पाण्याचे डबे आणि ओले पोते जवळ ठेवून. जानेवारीनंतर वारं सुटतं, तेव्हा हात लावू नका. सिगारेटीचं थोटूक रस्त्यावरून येतं, म्हणून रस्त्याकडची रेषा रुंद ठेवा. गवत राखल्यावर आगीचा धोका वाढतो, हे गावाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या वणव्याला सगळे म्हणणार, झाडंच बरी होती.

आणि मेंढपाळांना सोडून काही ठरवू नका. चराईबंदीचा फलक लावून माळ राखला जात नाही. धनगर वाड्यावर जाऊन बसा. कुठं कोणतं गवत कधी गोड लागतं, लांडगा कुठून येतो, हे त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक नाही. कुसळी तुऱ्यावर यायच्या आत मेंढरं आवडीनं खातात. तुरा पिकला की कुसळं लोकरीत आणि तोंडात रुततात, मग तेच रान टाळतात. ही वेळ धरून चराई फिरवली तर दोघांचंही भलं.

तरवड

खूप खूप आभार सगळ्यांचे. जमिनीची खोली या रविवारीच मोजायला सुरुवात करते. गवताचं बियाणं किंवा ठोंब कुठून आणायचे? बाजारात स्टायलो आणि संकरित नेपिअर मिळतंय, ते चालेल का? आणि चराई फिरवायची म्हणजे नेमकी कशी?

पवन्या

नेपिअर ओलिताचं वैरणपीक आहे, त्याचा माळाशी संबंध नाही. स्टायलो बाहेरची शेंगवर्गीय, चाऱ्याला बरी, पण पुनर्स्थापना म्हणून पेरू नका. एकदा पसरली की आवरत नाही.

मारवेलचे ठोंब तुमच्याच शिवारात आहेत, काळ्या रानाच्या बांधांवर. पवन्या मात्र मुरमाड उतारावरचा, तो गायरानातल्याच राखलेल्या कोपऱ्यात किंवा शेजारच्या गावच्या चांगल्या माळावर शोधा. खोल मातीत मारवेल, उथळ मुरुमात पवन्या, ही जागेची वाटणी मोडू नका. उथळ मुरुमात लावलेला मारवेल पहिल्या वर्षी दिसतो छान, पण मार्चात जळतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठात गवतांवर संशोधन चालतं, मारवेलच्या सुधारित जाती तिथल्या आहेत. चाऱ्याचा प्लॉट करायचा तर त्या घ्या. माळासाठी स्थानिक बियाणंच. अभयारण्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय बी काय, काडीही उचलायची नाही.

बी गोळा करायचं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तुऱ्याचा वरचा भाग गव्हाळ झाला आणि मुठीत ओढल्यावर कणसकं सहज सुटली की वेळ झाली. काही दिवसांत सगळं गळतं, त्यामुळे दर दोन-तीन दिवसांनी फेरी मारावी लागते. सगळं ओरबाडायचं नाही, निम्म्याहून जास्त तुरे जागेवर राहू द्या. सावलीत पसरून वाळवा, सुती पिशवीत किंवा बारदानात भरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी येते. ताजं बी लगेच पेरलं तर फारसं उगवत नाही, त्याला काही महिने सुप्तावस्था असते. जूनपर्यंत ते तयार होतं.

इथे सगळ्यात मोठी फसगत होते. पिशवीभर बी दिसतं, पण त्यातली बरीच कणसकं पोकळ असतात. १०० कणसकं मोजून घ्या, तळव्यावर चोळा आणि आत दाणा किती जणांत आहे ते बघा. मग दुसरी १०० ओल्या टिपकागदावर दोन-तीन आठवडे ठेवून उगवण मोजा. पवन्याचं बी हेक्टरी साधारण ५-६ किलो, मारवेलचं ३-४ किलो धरतात. दाणा नेहमीपेक्षा निम्म्यात निघाला तर प्रमाण दुप्पट करा. ही तपासणी न करता पेरलं की "गवत लागत नाही" असा निष्कर्ष निघतो आणि परत झाडांवर येतात लोक.

गवताचं बी हलकं, वाऱ्यावर उडतं आणि मुंग्या ओढून नेतात. म्हणून गोळ्या करायच्या. वजनाने एक भाग बी, एक भाग शेण, तीन भाग चिकणमाती, एक भाग बारीक वाळू. हरभऱ्याएवढ्या गोळ्या, सावलीत वाळवलेल्या. एका गोळीत दोन-तीन कणसकं पुरतात. जमीन फक्त दंताळ्याने खरवडायची, गोळी एक सेंटिमीटरपेक्षा खोल जाता कामा नये. नांगरट तर अजिबात नको, आहेत ते ठोंबही जातील.

कुसळीची पेरणी करू नका, ती स्वतःच पेरते. तिच्या कुसळाकडे भिंगातून बघा, दोरीसारखं पिळलेलं असतं. ओल लागली की पीळ उलगडतो, वाळलं की परत बसतो, आणि या फिरण्यात टोकदार दाणा मातीत खोल शिरतो. पवन्याला ही सोय तेवढी जमत नाही, म्हणून त्याला आपली मदत लागते.

पेरणीची वेळ. सोलापुरात भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा. मृगाला भिजतं आणि नंतर जुलैत खंड पडतो, उगवलेलं सगळं जातं. म्हणून गोळ्यांचे दोन हप्ते करा. निम्म्या मृगाआधी धूळपेरणी, निम्म्या ऑगस्टच्या शेवटी, पूर्वा नक्षत्राच्या सुमारास. एक हप्ता गेला तरी दुसरा राहतो. ठोंब मात्र जमीन चांगली भिजल्यावरच, आणि माझं मत विचाराल तर उत्तरा नक्षत्रात सगळ्यात बरे लागतात. ठोंबाला तीन-चार काड्या आणि मुळं हवीत, पानं वीतभर ठेवून छाटा, खड्ड्यात घट्ट दाबा. ५० बाय ५० सेंमीवर लावलं तर हेक्टरी ४०,००० ठोंब लागतात, त्यामुळे १२ हेक्टरचा विचारच नको. उघडे पट्टे आणि गिरिपुष्प काढलेली जागा एवढंच. बाकी माळ नुसत्या विश्रांतीने सुधारतो. तीच सगळ्यात स्वस्त पद्धत आहे, आणि निधी देणाऱ्यांना सगळ्यात कमी आवडणारी, फोटो काढायला काही नसतं ना.

चराई अशी: १२ हेक्टरचे चार-चार हेक्टरचे तीन भाग करा. दर वर्षी एक भाग जून ते ऑक्टोबरअखेर बंद, बाकी दोन उघडे. पहिल्या वर्षी सगळ्यात चांगलं गवत असलेला भाग बंद करा, म्हणजे बी पडेल आणि गावाला फरकही दिसेल. बंद भागातलं गवत बी गळल्यावर विळ्याने कापायचं, जमिनीपासून १०-१२ सेंमी ठेवून, आणि वैरण ठरल्याप्रमाणे वाटायची. ऑक्टोबरआधी कापणी नको. चंडोल, टिटव्या जमिनीवरच अंडी घालतात, ठोंब लावतानाही मजुरांना पायाखाली बघायला सांगा.

मोजलेल्या चाऱ्यातला निम्माच वापरायचा. समजा हेक्टरी १ टन निघाला. चार हेक्टरवर ४ टन, वापरायचा २,००० किलो. ३० किलोच्या मेंढीला दिवसाला साधारण १ किलो सुका चारा, तर १०० मेंढ्यांना २० दिवस. हा आकडा मेंढपाळांसमोर मांडा, ते लगेच सांगतील खरा की खोटा.

कायमची बंदी हाही उपाय नाही. चार-पाच वर्षं न चरलेलं, न कापलेलं गवत स्वतःच्याच वाळक्या थराखाली गुदमरतं, ठोंब मधून मरतो, झुडपं शिरतात, आणि आग लागली तर भडकते.

एक पट्टा मुद्दाम काहीच न करता सोडा, तुलनेसाठी. पाऊस चांगला झाला की सगळीकडेच गवत वाढतं. तुलनेचा पट्टा नसेल तर सुधारणा तुमच्या कामाने झाली की पावसाने, हे कधीच कळणार नाही. फोटोची ठिकाणं दगडाला रंग मारून पक्की करा, दर वर्षी त्याच आठवड्यात, त्याच दिशेने.

भोवत्या

करिअरचा प्रश्न मागेच राहिला, त्यावर थोडं.

पश्चिम घाट गाठायची गरज नाही. तिथे अभ्यासकांची गर्दी आहे, कोरड्या गवताळ प्रदेशाला माणसं कमी. गवतं ओळखणारा परिस्थितिकी अभ्यासक महाराष्ट्रात शोधावा लागतो.

एम.एस्सी.साठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था (वन्यजीवशास्त्र) आणि बेंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र म्हणजे एनसीबीएस (वन्यजीव जीवशास्त्र व संवर्धन) ही दोन नावं पहिली. दोन्हीकडे प्रवेश परीक्षा आणि मुलाखत, जागा थोड्या, आणि प्रवेश दर वर्षी निघतीलच असं धरू नका. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेचं अभिमत विद्यापीठ हा तिसरा पर्याय. पुढे पीएच.डी.साठी बेंगळुरूची अत्री ही परिस्थितिकी-पर्यावरणाची संशोधन संस्था. यातलं काही नाही मिळालं तर साधी एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र करा, विषय वर्गीकरण किंवा परिस्थितिकी, आणि प्रबंध गवतांवर. पदवीच्या नावापेक्षा प्रबंधातली आकडेवारी किती पक्की आहे ते बघतात. सोबत संख्याशास्त्र 'आर' या संगणक भाषेत आणि नकाशे क्यूजीआयएसमध्ये, दोन्ही फुकट आहेत. मुलाखतीत "नमुने किती घेतले आणि तेवढेच का" हा प्रश्न हमखास येतो, आणि तिथेच बरेच जण अडतात.

सरकारी सेवा: भारतीय वनसेवेची पूर्वपरीक्षा २०१३ पासून नागरी सेवेसोबतच होते. तिच्या पात्रता विषयांत वनस्पतिशास्त्र आहे, नुसतं पर्यावरणशास्त्र नाही. तुमची पदवी योग्य बसते, विषय बदलून ती घालवू नका. राज्यात सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल एमपीएससीतून. पुनर्स्थापनेचे निर्णय प्रत्यक्षात वनक्षेत्रपालाच्या टेबलावर होतात, त्यामुळे या पदाला कमी लेखू नका. मात्र बदल्या होतात. लावलेल्या गवताचा पाचव्या वर्षीचा निकाल बघायला तुम्ही तिथे असालच असं नाही.

संशोधन प्रकल्प: नेट उत्तीर्ण असाल तर कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये अधिक घरभाडे. नेट नसेल तर प्रकल्प सहायकाचं मानधन बरंच कमी असतं, आणि प्रकल्प संपला की तेही थांबतं. स्वयंसेवी संस्थांमध्ये बाएफ, वॉटर (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट), फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी यांच्याकडे कुरण, पाणलोट, सामाईक जमिनी यांवर काम चालतं. तिथे पर्यावरणाइतकंच ग्रामसभेत बोलता येणं लागतं. धनगर वाड्यावर बसून तासभर ऐकून घेण्याची तयारी नसेल तर हे काम जमणार नाही, पदवी कुठलीही असो.

सल्लागार कंपन्या: २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण आघात मूल्यांकनाचं बरंच काम निघतं, पैसेही बरे. पण त्यासाठीची पाहणी बहुधा एकाच, पावसाळा सोडून असलेल्या हंगामात होते. फेब्रुवारीत माळ बघितला तर गवत वाळलेलं, तुरे गळालेले, पक्षी पांगलेले, आणि अहवालात ओळ येते: "क्षेत्र उजाड आहे." त्याखाली सही तुमची असेल. या क्षेत्रात गेलात तर ऑक्टोबरची एक पाहणी करारातच लिहून घ्या. नाही म्हणणाऱ्याला वर्षभरात काम कमी मिळतं, हेही आधीच माहीत असू द्या.

तुमच्या गायरानाचं कागदपत्र राहिलंच. सभेआधी सातबारा काढा. नोंद गुरचरणाची आहे की वनाची, हे बघा. महसूल अधिनियम १९६६ च्या कलम २२ खाली राखलेली असेल तर वापर बदलायला ग्रामपंचायतीचा नुसता ठराव पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल सामाईक जमिनींबद्दल आहे, त्याची प्रत जवळ ठेवा. उत्तर सोलापूर तालुका म्हणजे माळढोक अभयारण्याचा परिसर. गट नंबर हद्दीत येतो का हे वनविभागाकडून लेखी घ्या, कारण अभयारण्याची हद्द आधी ८,४९६ चौरस किलोमीटर होती, ती कमी करून सुमारे १,२२२ वर आणली, आणि जुने नकाशे अजून फिरतात. गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असेल तर प्रस्ताव तिच्यासमोरही ठेवायला सांगा. आणि कंपनीच्या प्रस्तावात "जगण्याचं प्रमाण" कोणत्या वर्षी मोजणार ते तपासा. टँकर चालू असतानाचं तिसरं वर्ष लिहिलं असेल तर ते खोडून पाचवं मागा. त्याच ओळीत गवताचं आच्छादन आणि बहुवार्षिक जातींची संख्या हे दोन निकष घालून घ्या.